आयोवाचं तण, राजगिऱ्याचं गोत

जुलैच्या मध्यावर आयोवा-इलिनॉयमधला मका पुरुषभर उंच झालेला असतो. तुरे आणि कणसाचे केस बाहेर पडत असतात. या दिवसांत त्याला रोज सात-आठ मिलिमीटर पाणी लागतं आणि पावसाने ओढ दिली तर कणसं बोडकी राहतात. तणांची धास्ती मात्र त्याला उरलेली नसते, कारण सरींमधली जमीन त्याने कधीच झाकून टाकलेली असते. धास्ती असते ती शेजारच्या सोयाबीनला.

तिथल्या शेतकऱ्याची झोप उडवणारं तण म्हणजे वॉटरहेम्प. आपला माठ, तांदुळजा, राजगिरा याच गोतातले. उन्हावर अन्न तयार करायची त्याची रीत मक्यासारखी, सी-४ पद्धतीची, तर सोयाबीनची सी-३. कडक उन्हात सी-४ वनस्पती सरस ठरतात. दिवसाला अडीच-तीन सेंटिमीटर वाढणारं हे तण बघता बघता सोयाबीनच्या डोक्यावर जातं. शिवाय ते एकदम उगवत नाही, मे महिन्यापासून थेट ऑगस्टपर्यंत उगवतच राहतं. तणनाशक नीट लागू पडतं ते रोप दहा सेंटिमीटरच्या आत असेपर्यंत. चार दिवस वारा-पाऊस लागून राहिला, की फवारणी हुकलीच.

१९९६ साली अमेरिकेत ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारं सोयाबीन आलं आणि तणाचा प्रश्न मिटला असं वाटलं. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं गेलं. वॉटरहेम्पची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे औषध पचवणारी जनुकं परागांबरोबर वाऱ्यावरून बांध ओलांडतात. त्यात एकेका मादी झाडाला अडीच लाखांवर बी! मिसुरीत तर सहा वेगवेगळ्या गटांतल्या तणनाशकांना पुरून उरलेलं वॉटरहेम्प सापडलंय. नव्या औषधावर भिस्त ठेवणं म्हणजे हाच खेळ पुन्हा मांडणं, असं मला वाटतं.

त्यापेक्षा सावली भरवशाची. तीस इंचांऐवजी पंधरा इंचांवर पेरलं तर सोयाबीनची पानं लवकर एकमेकांना भिडतात आणि उशिरा उगवलेल्या रोपांना ऊन मिळत नाही. हिवाळ्याआधी पेरलेलं राय हे तृणधान्य वसंतात आडवं पाडून त्याचं आच्छादन केलं, तर मिलिमीटरभराचं हे बी उगवतंही कमी. इतकं करूनही जी झाडं डोकं वर काढतात, ती हाताने उपटावी लागतात. उपटलेलं झाड ओल्या जमिनीत पुन्हा मूळ धरू शकतं. म्हणून फुलोरा आला असेल तर ते पोत्यात भरून शेताबाहेर न्यायचं.