आधी वेळापत्रक, मग एम्बापे

२०२४ चा जून महिना बारामतीत फुटबॉलचा नव्हताच. ४ तारखेला लोकसभेचा निकाल लागला, तरी नणंद-भावजयीच्या लढतीची चर्चा चहाच्या टपरीवरून हलायला तयार नव्हती. टीव्हीवर रोहित शर्माचा संघ टी-२० विश्वचषक खेळत होता. तरीही १४ जूनच्या संध्याकाळी भिगवण रस्त्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत माझा भाचा आणि त्याचे इंजिनीअरिंगचे मित्र लॅपटॉपभोवती बसले होते. त्या रात्री जर्मनीत सुरू होणाऱ्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी प्रत्येक जण फॅन्टसी खेळातला आपला कागदावरचा संघ निवडत होता. मीही त्यात होतो, आणि फोनवर होते इंदापुरात ठिबकचं दुकान चालवणारे माझे एक मित्र. पोरं त्यांना काका म्हणतात. पैसे कुणी लावायचे नाहीत, शेवटच्या नंबरावर येईल त्याने सगळ्यांना भिगवणला मासे खाऊ घालायचे, एवढीच अट.

युरोपीय फुटबॉल महासंघाचा, म्हणजे युएफाचा हा खेळ फुकट खेळता येतो. दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन स्ट्रायकर असे पंधरा जण घ्यायचे. त्यांच्यासाठी कागदावरचे शंभर दशलक्ष युरो मिळतात. साखळी फेरीत एका देशाचे तिघांहून जास्त घेता येत नाहीत. पुढे आपले खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा.

नवखा माणूस वरून खाली निघतो. किंमतीच्या क्रमाने यादी लावायची, एम्बापे, हॅरी केन, रोनाल्डो भरायचे आणि मग उरलेल्या चिल्लरीत डिफेंडर शोधत बसायचं. भाच्याचं तेच चाललं होतं.

"मामा, एम्बापे पाहिजेच."

"घे की. पण मग गोलकीपर कोण?"

"कुणीपण."

फोनवर काका हसले. "अरे, ते कुणीपणच महागात पडतंय."

काकांचा हिशोब नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनासारखा. पाणी मोजकं, पाळी ठरलेली, सगळा ऊस एकदम भिजत नाही. कोणता प्लॉट कधी भिजवायचा ते आधी ठरवायचं. फुटबॉल ते फारसं बघत नाहीत, रात्री साडेबाराचा सामना तर कधीच नाही. पण गुणांचा तक्ता त्यांनी दुकानाचं दरपत्रक वाचावं तसा वाचला होता. त्यांचं पहिलंच नाव ऐकून पोरं एकमेकांकडे बघायला लागली: जॉर्जियाचा गोलकीपर गिओर्गी मामारदाश्विली. जॉर्जिया पहिल्यांदाच युरो खेळत होता, त्याला कोण विचारतो? काकांचं म्हणणं असं की दर तीन गोल अडवले की गोलकीपरला एक गुण मिळतो. मग ज्याच्या गोलवर दिवसभर मारा होणार, तोच कीपर स्वस्तात घ्यावा. २२ जूनला चेकियाविरुद्ध मामारदाश्विलीने ११ फटके अडवले आणि सामना १-१ असा सुटला. खोलीतलं हसू तिथे थांबलं.

डिफेंडरच्या बाबतीतही तेच. त्याने गोल केला तर त्याला स्ट्रायकरपेक्षा जास्त गुण मिळतात, वर संघाने गोल खाल्ला नाही तर क्लीन शीटचे वेगळे. स्पेनने क्रोएशियाला ३-० हरवलं त्यातला तिसरा गोल राइट बॅक दानी कार्वाहालचा होता. ज्यांच्याकडे तो होता त्यांचं एका सामन्यात दुहेरी पीक निघालं. सुटलेला चेंडू परत मिळवण्याचेही युरोत गुण होते, तीन वेळा मिळवला की एक. त्यामुळे स्पेनच्या रोद्रीसारखा गोलाच्या बातमीत क्वचित दिसणारा माणूसही हळूहळू गुण साठवत राहतो.

पण क्लीन शीटवर फार विसंबू नये. सलामीलाच जर्मनीने स्कॉटलंडला ५-१ असं झोडपलं. ज्यांनी जर्मन डिफेंडर घेतले होते ते ८६ मिनिटं खुशीत होते. ८७ व्या मिनिटाला रुडिगरच्या डोक्याला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि सगळ्या बचावफळीची क्लीन शीट गेली. भारतात तेव्हा पहाटेचे अडीच वाजत आले होते. भाच्याने ठोकलेली आरोळी खालच्या घरमालकांनी ऐकली असणार.

मला या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत रंगतदार वाटतं ते कर्णधाराचं प्रकरण. आपण नेमलेल्या कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. युरोत मात्र एक सवलत होती: एका फेरीचे सामने चार-पाच दिवस चालतात, तेवढ्यात कर्णधाराने निराशा केली तर ते पद अजून न खेळलेल्याकडे देता येतं. आधीच्याचे गुण मग एकेरीच राहतात. म्हणजे पंधरा जण असे हवेत की रोज त्यांतला कुणी ना कुणी खेळतोय. शुक्रवारी जर्मनीचा मुसियाला, शनिवारी स्पेनचा कुणी, रविवारी केन किंवा बेलिंगहॅम, सोमवारी बेल्जियमचा लुकाकू किंवा फ्रान्सचा एम्बापे, मंगळवारी पोर्तुगाल. काकांनी ही यादी कागदावर लिहून भिंतीवर लावली होती, खतांच्या कॅलेंडरशेजारी. मुसियालाने पहिल्याच रात्री गोल केला तेव्हा पोरं विचारात पडली, हे गुण दुप्पट धरून थांबायचं की आणखी मोठ्याची वाट बघायची? ज्यांनी सोमवारपर्यंत वाट पाहिली त्यांच्या नशिबी स्लोव्हाकियाविरुद्धचा लुकाकू आला: त्याने दोनदा चेंडू जाळ्यात घातला आणि दोन्ही गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पंचांनी रद्द केले.

त्याच सोमवारी ऑस्ट्रियाविरुद्ध एम्बापेचं नाक मोडलं. नेदरलँड्सविरुद्धच्या पुढच्या सामन्यात तो बाकावर बसून राहिला. संघातला सर्वांत महाग माणूस आणि गुण शून्य. भाचा मात्र बदलायला तयार नव्हता. "मुखवटा घालून येईल तो, मामा." आला. पोलंडविरुद्ध पेनल्टीवर एक गोल केला, आणि अख्ख्या स्पर्धेत त्याच्या नावावर तेवढाच.

साखळीची तिसरी फेरी ही खरी परीक्षा. स्पेन दोन सामन्यांतच गटात पहिला ठरला होता, म्हणून प्रशिक्षक दे ला फुएन्ते यांनी अल्बानियाविरुद्ध दहा बदल केले. पोर्तुगालनेही नेहमीचे बरेच जण बाकावर बसवले आणि जॉर्जियाकडून २-० हार पत्करली. ख्विचा क्वारात्स्खेलियाने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला होता. चांगला संघ लवकर पुढे गेला की त्याचे चांगले खेळाडू आपल्या कामाचे राहत नाहीत, हे मैदानावरचं यश आणि कागदावरचं नुकसान एकाच फेरीत बघायला मिळालं. साखळीत फेरीमागे फुकट बदल दोनच. ते ज्यांनी या फेरीसाठी राखले ते तरले. बाद फेरीच्या आधी मात्र अख्खा संघ नव्याने मांडता येतो.

उपांत्य सामन्यांच्या आठवड्यात तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यात होती. काका दिंडीच्या चहापाण्यात गुंतलेले. त्यांनी बदल आधीच करून ठेवले होते आणि स्पेनचे जेवढे घेता येतील तेवढे घेतले होते. स्पेनने फ्रान्सला २-१ हरवलं, १७ वर्षंही पुरी न झालेल्या लामिन यमालने लांबून जो गोल केला तो काकांनी सकाळी मोबाइलवर पाहिला. १४ जुलैला स्पेनने इंग्लंडलाही २-१ हरवून करंडक घेतला. लीग काकांनी जिंकली, चिलापीचं बिल भाच्याने दिलं.

पैसे लावून असाच खेळ खेळणारे तेव्हा दोन्ही तालुक्यांत कमी नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला अशा ॲपवर दीड कोटीचं बक्षीस लागलं आणि पाठोपाठ निलंबनही झालं, ती बातमी सगळ्यांना पाठ होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि ड्रीम-११ या ॲपने पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. माझ्या मते बरंच झालं. पैसा आला की माणूस वेळापत्रक वाचत नाही, नुसता नशिबाकडे बघतो.

मोफतचा खेळ आहेच. २०२६ पासून फुटबॉल विश्वचषकात ३२ ऐवजी ४८ देश आणि ६४ ऐवजी १०४ सामने धरले आहेत, म्हणजे विश्रांती घेणारे संघ आणि अनोळखी गोलकीपर दोन्ही वाढणार. संघ काढायला बसाल तेव्हा खेळाडूंची यादी मिटून ठेवा आणि कोण कोणत्या दिवशी खेळतोय ते आधी एका कागदावर लिहून काढा.