सरकारी बांधकाम आणि गवंड्याची मजुरी

गावात शाळा बांधायची असो की कालवा खणायचा असो, सरकारी कामाची टेंडरे निघतात आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला काम मिळते. पैसा जनतेचा, तेव्हा ही रीत वाईट नाही. पण श्रोतेहो, कंत्राटदार आकडा खाली आणतो कुठून? सिमेंट आणि लोखंड सगळ्यांना जवळजवळ एकाच भावाने पडते. मग कात्री लागते ती मजुरीला.

अमेरिकेत असेच घडले. १९२७ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय व्हायचे होते. काम गेले दूरच्या अलाबामा राज्यातल्या कंत्राटदाराकडे. त्याने तिकडचेच मजूर स्वस्तात आणले. स्थानिक कारागिरांना काम मिळेना. तिथले लोकप्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांनी प्रश्न संसदेत नेला. सेनेटर जेम्स डेव्हिस यांची साथ मिळाली आणि १९३१ साली 'डेव्हिस-बेकन कायदा' झाला.

त्याचे मर्म सोपे आहे. जिथे काम, तिथे त्या कामाला जो दर चालू असेल, त्याहून कमी मजुरी द्यायची नाही. गवंड्याचा दर वेगळा, सुताराचा वेगळा, बिगाऱ्याचा वेगळा. सुरुवातीला हा दर आधी सांगत नसत, म्हणून तंटे होत. १९३५ च्या दुरुस्तीने तो टेंडरापूर्वीच ठरू लागला. दोन हजार डॉलरांवरच्या केंद्र सरकारच्या कामांना हा नियम लागतो. दराचा तक्ता कामावर सर्वांना दिसेल असा लावायचा, मजुरी दर आठवड्याला चुकती करायची. कसूर केली तर बिल अडते, शिवाय तीन वर्षे सरकारी काम बंद होऊ शकते.

आता तुम्ही म्हणाल, याने खर्च नाही का वाढत? टीकाकारही हेच म्हणतात. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अलाबामाचे ते मजूर कृष्णवर्णीय होते, आणि संसदेतल्या चर्चेत वर्णद्वेषही डोकावला होता. कायद्याने दर राखला. पण कामावर कोणाला घ्यायचे, हा प्रश्न उरलाच.

आपल्याकडेही १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठच आहे, आणि काम कंत्राटाने दिले म्हणून सरकारची जबाबदारी टळत नाही, असा निकाल मिळाला.

तेव्हा कमी आकड्याचे टेंडर पाहून खूश होण्याआधी गावाने एवढे जरूर विचारावे : यात मजुरी किती धरली आहे?