चार शब्दांवरची खरेदी

लिलाव म्हटला की हातोडी, चढत जाणारी बोली आणि माना उंचावून पाहणारी गर्दी हे चित्र पूर्वी डोळ्यांपुढे येई. त्या लिलावात एक सोय असे. वस्तू आधी हाताळून पाहता येई. आता इंदूरचा किंवा बडोद्याचा संग्राहक घरबसल्या इंटरनेटवर कोलकात्याच्या विक्रेत्याच्या तिकिटावर बोली लावतो. त्याच्यापुढे वस्तू नसते. दोन छायाचित्रे आणि चार शब्द असतात. तो पैसे मोजतो ते त्या शब्दांच्या भरवशावर. म्हणून वस्तू निराळी निघाली, तर बोलण्याचा आरंभही त्या शब्दांपासूनच व्हावयास हवा.

एक उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. स्वित्झर्लंडमधील कूर्व्हाझिए या छापखान्यात ती छापली होती आणि त्यांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत होता. त्यांतले दहा रुपयांचे तिकीट आज संग्राहकांना हवेसे वाटते. त्याच्या नकलाही पुष्कळ झाल्या आहेत. पण आपण त्याहून नाजूक प्रकार पाहू. तिकीट अस्सल आहे, वर्णन मात्र खोटे आहे.

विक्रेता लिहितो, ‘न वापरलेले, मूळ गोंद शाबूत.’ या चार-पाच शब्दांना मोल आहे, कारण मूळ गोंद असलेल्या आणि नसलेल्या तिकिटाच्या किमतींत मोठे अंतर पडते. याच लोभाने कोणी कोणी तिकिटाची मागची बाजू धुऊन नवा गोंद चढवितो. तो ओळखावा कसा? छापखान्यात साधारणतः कागदाला गोंद आधी लावलेला असतो, भोके नंतर पाडतात. त्यामुळे तिकीट फाडल्यावर दात्यांच्या टोकांशी कागदाचे तंतू मऊ राहतात. मागाहून लावलेला गोंद या टोकांत मुरतो आणि दाते कडक, खरबरीत लागतात. भिंगाखाली हे दिसते. पूर्वी अल्बममध्ये तिकीट डकविताना लावलेल्या कागदी पट्टीची खूणही कधी नव्या गोंदाखाली दडलेली आढळते.

अशी शंका आली की पहिले पथ्य हे : तिकिटाला पाणी लावू नये, त्यावर काही चिकटवू नये, ते अल्बमात बसवू नये. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १५ वे कलम सांगते की, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. परंतु त्याच कायद्याप्रमाणे, माल वाजवी मुदतीत न नाकारता ठेवून घेतला, अथवा आपलाच समजून त्यावर काही प्रयोग केले, तर तो स्वीकारला असे ठरते. मग तो परत करण्याचा हक्क सरतो आणि नुकसानभरपाईचा तेवढा उरतो. म्हणून तिकीट आले त्याच दिवशी त्याची छायाचित्रे घ्यावीत. विक्रेत्याच्या मूळ जाहिरातीचीही प्रत जपून ठेवावी. जाहिरात बदलावयास क्षणही पुरतो.

मग पत्र. ते बाजारपेठेच्या संकेतस्थळावरूनच पाठवावे, म्हणजे त्याची नोंद राहते. ‘तुम्ही मला फसविलेत’ या वाक्याने मने दुखावतात, पैसे क्वचितच परत येतात. शिवाय पुष्कळदा विक्रेत्याला वडिलांचा संग्रह वारशाने मिळालेला असतो आणि गोंदातले त्याला काही कळत नसते. त्यापेक्षा असे लिहावे : ‘आपल्या वर्णनात मूळ गोंद असे म्हटले आहे. दात्यांत गोंद मुरलेला आहे, छायाचित्र सोबत आहे. तिकीट परत घेऊन किंमत व टपालखर्च द्यावा, ही विनंती.’ तिकीट मुळातच हवे असेल, तर दोन प्रतींच्या किमतींतला फरक मागून ते ठेवून घेण्यातही कमीपणा नाही. मत जुळेना, तर तज्ज्ञाचा दाखला घ्यावा. त्याचा खर्च कोणी सोसावयाचा हे मात्र आधी ठरवावे.

विक्रेता दाद देत नसेल आणि तो व्यापारी असेल, तर २०२० चे ई-वाणिज्य नियम कामी येतात. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही तळटीप तेथे चालत नाही. बाजारपेठेच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व एका महिन्यात निर्णय द्यावयाचा असतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या गावी तक्रार करण्याची मुभा दिली, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. इंदूरच्या माणसाला कोलकाता गाठावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

विक्रेता हौशी, क्वचित एखादी वस्तू विकणारा असेल, तर हे नियम त्याला लागू नाहीत. मालविक्रीचा कायदा असतोच. पण एका तिकिटासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार? तेथे खरा आधार बाजारपेठेने ग्राहकासाठी ठेवलेल्या मुदतीचा. ती कधी थोड्याच दिवसांची असते. म्हणूनच ‘आठवडाभर थांबा, बघू’ या गोड उत्तरावर तक्रार लांबवू नये, आणि काही पैसे वाचतात म्हणून व्यवहार बाजारपेठेबाहेर, परस्पर करू नये.

परतीचे तिकीट दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये घालून, विमा उतरवून, पावती घेऊन धाडावे. पाकिटात घालण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंचे आणखी एक छायाचित्र काढून ठेवावे.