कष्टातून वर आलेला आणि घरचं बरं असलेला: कोणता पुढारी खरा?



इथे दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये ऊन उतरलं की आम्ही चार-पाच मराठी म्हातारे बिल्डिंगखालच्या बागेत बसतो. निवडणूक भारतातली असो की इस्रायलची, वाद एकाच ठिकाणी येऊन अडतो. एक म्हणतो, "गरिबीतून वर आला तोच खरा पुढारी." दुसरा म्हणतो, "नुसत्या गरिबीनं राज्य चालतं का हो? शिकलेला पाहिजे."

आजच्या पुढाऱ्यांची नावं घेतली की भांडण होतं. म्हणून मी दोन जुनी नावं घेतो. दोघंही मराठी, आणि दोघंही भारताचे अर्थमंत्री झाले. पण सुरुवात पाहाल तर जमीन-अस्मानाचा फरक.

पहिले चिंतामणराव देशमुख, म्हणजे आपले सी. डी. देशमुख. 'आपले' म्हणतो, कारण ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातले. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील वकील, घरात शिक्षणाचं वळण. १९१२ मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. मग केंब्रिज, आणि १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेत पहिला नंबर. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये अर्थमंत्री.

दुसरे यशवंतराव चव्हाण. जन्म १९१३ चा, देवराष्ट्रे गावी. वडील लहानपणीच प्लेगात गेले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलं वाढवली. कराडच्या टिळक हायस्कुलात असताना १९३२ मध्ये स्वातंत्र्य चळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरला राजाराम कॉलेज, आणि १९४१ मध्ये पुण्याला वकिलीची परीक्षा. पुढच्याच वर्षी बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत. १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि १९७० मध्ये अर्थमंत्री.

आता नीट बघा. देशमुखांना घरचा आधार होता, पण परीक्षेचा पेपर काही वडिलांनी लिहिला नाही. चव्हाणांकडे पैसा नव्हता, पण ते अगदी एकटेही नव्हते. आई होती, थोरले भाऊ होते, शिकवणारे मास्तर होते. म्हणजे कष्ट आणि सवलत हे दोन वेगळे डबे नाहीत. प्रत्येकाच्या पदरात दोन्ही थोडं थोडं पडलेलं असतं, माप तेवढं वेगळं.

खरा फरक १९५६ मध्ये दिसला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं घाटत होतं. त्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. चव्हाण पक्षातच राहिले, लोकांचा राग सोसला आणि आतून प्रयत्न करत राहिले. मला वाटतं, देशमुखांकडे विद्या होती, नाव होतं. खुर्ची सोडली तरी काम मिळणार होतं, आणि पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. चव्हाणांची सगळी कमाई पक्षातली आणि माणसांतली. एवढंच कारण होतं असं मी म्हणत नाही. पण घरची शिदोरी असली की 'नाही' म्हणणं थोडं सोपं जातं, हे खरं. ज्याला शिदोरी आहे आणि तरी 'नाही' म्हणत नाही, त्याला मात्र आपण जाब विचारावा.

आणि जो कष्टातून आला त्याला काय विचारावं? वर गेल्यावर शिडी ठेवली की ओढून घेतली? चव्हाण मुख्यमंत्री असताना गरीब घरच्या मुलांना फी माफ झाली. ती 'ई. बी. सी.' सवलत तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ज्याला फीची काळजी माहीत होती, त्याने ती दुसऱ्याची कमी केली.

आपल्या जमातीचंही तसंच. आपण मूठभर, मतांचा जोर नाही. तरी डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. संख्या नव्हती, पण शाळा होती. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये इस्राएली शाळा काढली, ती आपल्या मुलांची शिदोरी.

हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. परवा म्हणाला, "आजोबा, मला तर सगळं मिळालंय. मग मी काय मोठा होणार?" मी म्हटलं, "अरे, मिळालं याची लाज नको आणि मिजासही नको. कोणी दिलं ते विसरू नकोस, आणि पुढे कोणाला देणार ते ठरव."

पुढाऱ्यालाही हेच लावा. लहानपणी चप्पल नव्हती की मोटार होती, हे ऐकून घ्या. पण मत देताना एवढंच बघा, हाती आलेल्या गोष्टीचं त्याने काय केलं.