दप्तर कुणाच्या खांद्यावर?

सातारा-सांगलीकडील कितीतरी घरांत आईवडील नोकरीवर गेले की विशेष गरजा असलेल्या नातवंडाला शाळेत किंवा फिजिओथेरपीला नेण्याचे काम आजीआजोबांकडे येते. अशी जोडी रस्त्याने जाताना पाहावी, तर चौदा-पंधरा वर्षांचे मूल मोकळ्या हाताने चालत असते आणि त्याचे दप्तर सत्तरीच्या आजोबांच्या खांद्यावर असते. यामागे माया असते. पण तोटा दोघांचाही होतो. एकाच खांद्यावरील ओझ्याने वृद्धांचा तोल जाण्याची भीती, आणि मुलाला आपले सामान आपण सांभाळण्याची संधीच नाही. पुष्कळदा उणीव मुलात नसते, पिशवीत असते.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने दप्तराचे ओझे विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे ठरवून दिले. ४० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा ४ किलोंची होते. स्नायू शिथिल असलेल्या किंवा पाठीत बाक असलेल्या मुलाने याहून कमीच उचलावे. किती, ते त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे आपण विसरतो. अर्ध्या लिटरची बाटली द्यावी आणि ती शाळेत पुन्हा भरून घ्यावी. आजोबांची आवडती शबनम दिसायला साधी असली, तरी सारा भार एकाच खांद्यावर टाकते. रुंद, मऊ पट्ट्यांची, दोन्ही खांद्यांवर बसणारी आणि कमरेखाली फारशी न लोंबणारी सॅक बरी. छातीवर आडवा पट्टा असल्यास उतरत्या खांद्यांवरून ती घसरत नाही.

मात्र खरी परीक्षा पाठीपेक्षा हातांची असते. दुकानात जाताना मुलाला बरोबर न्यावेच, शिवाय त्याचा रोजचा डबा, भरलेली बाटली आणि वही न्यावी. हे सामान त्याने स्वतः आत ठेवावे, सॅक पाठीवर घ्यावी, दहा-पंधरा मिनिटे वावरावे, बसावे, एखादी पायरी चढावी. नंतर खांद्यावर लाल वळ उठले, बोटांना मुंग्या आल्या किंवा मूल पुढे झुकून चालू लागले, तर ती सॅक नको. सेरेब्रल पाल्सीमुळे एकच हात नीट चालत असेल, तर चेनच्या टोकाला बोट जाईल एवढी मोठी कडी अडकवावी. बक्कल दाबायला बहुधा दोन्ही हात लागतात. वेल्क्रो एका हाताने उघडते, पण त्याचा खरखर आवाज काही स्वमग्न मुलांना सहन होत नाही. पाठीवर थोडे वजन असले की स्वमग्न मूल शांत राहते, असेही काहीजण सांगतात. काही मुलांना ते आवडतेही. परंतु ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्यावाचून मुद्दाम ओझे वाढवू नये.

चाकाच्या खुर्चीवरील मुलाची सॅक खुर्चीच्या पाठीमागे अडकवण्याची सोय आपण सर्रास करतो. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले, पेठांतले रस्ते चढउताराचे. चढावर मागच्या जड पिशवीमुळे खुर्ची मागे कलंडू शकते. सांगलीचे रस्ते सपाट असले, तरी उतरंडीवर धोका तोच. आणि मूल खुर्चीवरून उठताच तोल मागे जातो, तो वेगळाच. लहान पिशवी मांडीवर किंवा हाताच्या बाजूला, मुलाला दिसेल आणि पोहोचता येईल अशी बांधावी. तिचा लोंबता पट्टा चाकात जाणार नाही, हेही पाहावे.

नजर अधू असलेल्या मुलाला काळ्या अस्तरात काळा कंपास सापडत नाही. अस्तर फिकट, पिवळसर असावे. मोतीबिंदू झालेल्या आजीलाही त्याचा उपयोग होतो! एसटीच्या सवलतीसाठी लागणारे ओळखपत्र दोरीने बांधून एकाच ठरलेल्या कप्प्यात ठेवावे. बोलता न येणाऱ्या मुलाची चित्रांची वही मात्र सॅकच्या तळाशी कधीही नको. ती त्याची वाचा आहे. ती पुढच्या पट्ट्यालाच अडकवावी.

वयात आलेल्या मुलीसाठी पॅड आणि एक जादा अंतर्वस्त्र मावेल असा, बाहेरून न दिसणारा कप्पा हवा. लघवीवर ताबा नसलेल्या मुलाचे जादा कपडेही असेच झाकलेले असावेत. या वयात लाज तीव्र असते, आणि ती समजून येते म्हणूनच मुलांना त्रास होतो. रंगाची निवड त्यांच्यावर सोडावी. सोळा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर बाळगोपाळांची चित्रे असलेले दप्तर आपल्याला गोड वाटते. वर्गातील मुलांना ते चेष्टेचे कारण वाटते.

नव्या सॅकची सवय शेवटाकडून लावावी, असे अनुभवी शिक्षक सांगतात. पहिले काही दिवस सामान भरणे, चेन ओढणे सारे आपण करावे. शेवटची दोन बोटे चेन तेवढी मुलाने ओढावी. जमले की त्याचा वाटा थोडा वाढवावा. काम पुरे झाल्याचे समाधान रोज त्याच्या पदरी पडते. आपल्याला घाई असते, हे खरे, पण त्यासाठी घरून पाच मिनिटे आधी निघावे.

बाजारात हवे तसे सारे मिळत नाही. त्यासाठी महागड्या सॅकमागे धावायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत. चामड्याला पक्का टाका घालणारे कारागीर आपल्या गावात असतील, तर कडी लावणे, पट्टा आखूड करणे, आत एक कप्पा शिवणे ही कामे त्यांच्याकडून करून घ्यावीत. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते. पट्ट्यांची लांबी दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी.