दहाव्या वर्षाचं काय?

डायमंडचा हिशेब : लेखांक ९

८ डिसेंबर २०११. बेसबॉलची हिवाळी बैठक डॅलसला भरली होती. संघांचे जनरल मॅनेजर, खेळाडूंचे एजंट, पत्रकार सगळे एकाच हॉटेलात. त्या सकाळी लॉस एंजलिस एंजल्स या संघानं दोन करारांची बातमी फोडली. सी. जे. विल्सन या पिचरला पाच वर्षांसाठी पावणेआठ कोटी डॉलर. एरवी एवढ्यावरच दिवसभर चर्चा रंगली असती. पण दुसऱ्या करारापुढे विल्सनकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अल्बर्ट पुहोल्स: दहा वर्षं, २४ कोटी.

पुहोल्स तेव्हा निर्विवादपणे आपल्या पिढीतला सर्वश्रेष्ठ फलंदाज होता. सेंट लुइस कार्डिनल्सकडून अकरा हंगामांत ४४५ होम रन, सरासरी ०.३२८, तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा वर्ल्ड सिरीज विजेता. दुसरं विजेतेपद तर करार होण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधीचं. अडचण एकच होती. त्याला बत्तीस पूर्ण व्हायला महिना-सव्वा महिना उरला होता आणि करार संपणार होता तो एक्केचाळिसाव्या वर्षी.

मोठ्या नावाच्या, वय होत आलेल्या फ्री एजंटवर संघानं तिजोरी रिकामी करावी का, हा आजच्या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आधी हे पाहायला हवं की असे खेळाडू बाजारात येतात तेच मुळी वय झाल्यावर का येतात.

खेळाडूला संघाशी कायमचं बांधून ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध कर्ट फ्लडनं दिलेली लढाई आपण मागच्या लेखांकात पाहिली. तो १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. पण डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादानं मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूनं निकाल दिला आणि खेळाडू संघाच्या दावणीतून सुटले. सुटले, पण लगेच नाही. मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यात तडजोड झाली ती अशी: वरच्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की मगच मोकळीक. त्यातली पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादापुढे आकडा ठरवून घ्यायचा, त्यानंतर खुला बाजार. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी वर आलेला पोरगा मोकळा होतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो. बेसबॉल खेळणाऱ्याचं शरीर साधारण सव्विस ते एकोणतीस या काळात ऐन भरात असतं. म्हणजे संघाला सर्वांत उपयोगी पडणारी वर्षं स्वस्तात निघून जातात आणि उतरणीला लागलेली वर्षं लिलावाला येतात.

पुहोल्सचंच पाहा. २००१ मध्ये, पहिल्याच हंगामात, त्यानं ३७ होम रन मारले आणि त्याच्या फटक्यांवर संघाच्या १३० धावा आल्या. पगार होता दोन लाख डॉलर. पुढेही अनेक वर्षं तो आपल्या कामगिरीच्या मानानं कमीच पैशांत खेळला. २०११ चे २४ कोटी ही एका अर्थानं थकबाकी होती. गंमत अशी, की काम करून घेतलं कार्डिनल्सनी आणि थकबाकी चुकवायला पुढे आले एंजल्स.

कराराची बांधणीही बघण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख, दुसऱ्या वर्षी १ कोटी ६० लाख, तिसऱ्या वर्षी एकदम २ कोटी ३० लाख, आणि तिथून दरवर्षी दहा-दहा लाखांची वाढ, शेवटच्या वर्षी पुरे ३ कोटी. गुडघे जितके दुखतील तितका पगार जास्त. मालकाला आज कमी रोकड काढावी लागते, म्हणून अशी बांधणी लोकप्रिय आहे. बेसबॉलचे करार हमीचे असतात. खेळाडू जायबंदी झाला, फॉर्म गेला, संघानं त्याला काढून टाकलं, तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते.

आणि झालं तेच. २०१३ च्या जुलैमध्ये पुहोल्सनं डाव्या तळपायाच्या दुखण्यापुढे हात टेकले आणि हंगाम ९९ सामन्यांवरच संपला. त्यानंतर होम रन येत राहिले, पण धावणं गेलं. २०१७ साली त्याच्या नावापुढे १०१ 'रन्स बॅटेड इन' आहेत, आणि वर्तमानपत्रात तेवढंच वाचणाऱ्याला वाटावं की गडी अजून फॉर्मात आहे. त्याच वर्षीची सरासरी मात्र ०.२४१. दहा वेळा बॅटिंगला आला तर तीन वेळासुद्धा बेसवर पोचत नव्हता. मग १०१ धावा आल्या कुठून? त्याच्या आधी बॅटिंगला येणारे, विशेषतः माइक ट्राउट, सारखे बेसवर उभे असायचे म्हणून. बेसवर माणसंच उभी असतील तर अधूनमधून लागलेला फटकाही धावा आणतोच. पण जमिनीवरून मारलेल्या चेंडूवर सावकाश धावणारा फलंदाज एका झटक्यात दोन गडी बाद करवतो. अशा डबल प्लेमध्ये सापडण्याचा सर्वकालीन विक्रम आज पुहोल्सच्याच नावावर आहे.

दहा वर्षांत एंजल्स प्लेऑफमध्ये पोचले एकदा, २०१४ मध्ये, आणि कॅन्सस सिटीकडून सलग तीन सामने हरून घरी आले. मे २०२१ मध्ये, करार संपायला काही महिने असताना, संघानं पुहोल्सला सोडून दिलं.

तरीही माझ्या मते एंजल्सचा खरा गुन्हा पुहोल्स हा नव्हे. त्यांच्याकडे ट्राउट होता. २०१३ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ५ लाख १० हजार डॉलरात खेळत होता! ज्या संघाला असा हिरा किमान पगारात मिळतो त्यानं उरलेल्या पैशांतून पिचिंगची फळी उभारायची, तरुण खेळाडू घडवणारी यंत्रणा मजबूत करायची. एंजल्सनी काय केलं? डिसेंबर २०१२ मध्ये जॉश हॅमिल्टन या एकतिशी ओलांडलेल्या फलंदाजाला साडेबारा कोटी दिले आणि अडीच वर्षांच्या आत बराचसा पगार आपल्याच खिशातून भरून त्याला टेक्ससला परत पाठवलं. २०१९ च्या डिसेंबरात अँथनी रेंडनला सात वर्षांचे साडेचोवीस कोटी. रेंडन पुढच्या पाच हंगामांत एकदाही साठ सामने खेळला नाही. २०२५ पर्यंत ट्राउटच्या खात्यावर प्लेऑफचे सामने किती? तेच २०१४ चे तीन.

तिकडे कार्डिनल्सचं काय झालं? पुहोल्स गेल्याच्या भरपाईपोटी नियमाप्रमाणे त्यांना २०१२ च्या ड्राफ्टमध्ये एंजल्सचा पहिल्या फेरीतला क्रमांक मिळाला, एकोणिसावा. त्यावर त्यांनी मायकेल वाका नावाचा पिचर उचलला. २०१३ च्या लीग अंतिम मालिकेत बावीस वर्षांच्या वाकानं डॉजर्सविरुद्ध दोन सामने सुरू केले, एकही धाव दिली नाही आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही वेळा समोर क्लेटन कर्शॉ होता. संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला. पुहोल्सला जाऊ दिलं म्हणून सेंट लुइसमध्ये हळहळलेले लोक तोवर बरेच शांत झाले होते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग तिशीनंतर कुणालाच घेऊ नये. छे! तसं म्हणणाऱ्यानं आधी रँडी जॉन्सनचा हिशेब द्यावा. डिसेंबर १९९८ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या ॲरिझोना डायमंडबॅक्सनी या पस्तीस वर्षांच्या डावखुऱ्या पिचरला चार वर्षांसाठी सव्वापाच कोटींच्या आसपास दिले. त्यानं १९९९ ते २००२ अशी चारही वर्षं सर्वोत्तम पिचरसाठीचे साय यंग पुरस्कार घेतले, २००१ मध्ये ३७२ स्ट्राइकआउट केले आणि यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज आणली. असा खेळाडू विरळा, हे खरं. पण करार चारच वर्षांचा होता, हेही लक्षात ठेवा.

याहून बोलकं उदाहरण मॅक्स शेर्झरचं. जानेवारी २०१५, वॉशिंग्टन नॅशनल्स, सात वर्षं, २१ कोटी. वय तीस. त्यातली निम्मी रक्कम करार संपल्यानंतर, २०२८ पर्यंत द्यायची होती. शेर्झरनं २०१६ आणि २०१७ असे दोन साय यंग मिळवले. ११ मे २०१६ ला डेट्रॉइटविरुद्ध, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, एका सामन्यात २० स्ट्राइकआउट केले. पण मला आठवतो तो जून २०१९. सरावात बंटिंग करताना चेंडू बॅटवरून उसळून थेट नाकावर बसला आणि नाक मोडलं. दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळंनिळं झालेल्या चेहऱ्यानं तो फिलाडेल्फियाविरुद्ध माउंडवर उभा राहिला आणि सात इनिंग, १० स्ट्राइकआउट, शून्य धावा असा हिशेब देऊन खाली उतरला. २३ मे रोजी १९ विजय आणि ३१ पराभव अशा गाळात असलेला तो संघ त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. पाचव्या सामन्याच्या दिवशी मान धरल्यामुळे शेर्झरला अंथरुणातून उठता येत नव्हतं. तीन दिवसांनी सातवा, निर्णायक सामना त्यानंच सुरू केला. २१ कोटींतला एक पैसाही वाया गेला नाही.

आणि नेमकं याच संघानं त्याच हिवाळ्यात काय केलं ते पाहा. विजयाच्या धुंदीत, वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या एकतीस वर्षांच्या स्टीफन स्ट्रॅसबर्गला सात वर्षांचे साडेचोवीस कोटी दिले. (रेंडन याच संघातून एंजल्सकडे गेला, तोही नेमक्या याच आकड्याला, त्याच आठवड्यात.) स्ट्रॅसबर्ग त्यानंतर आठ सामने खेळू शकला. एकूण ३१ इनिंग आणि एक गडी. हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या, शस्त्रक्रिया झाली, हाताची ताकद परत आलीच नाही. त्यात त्याचा काही दोष नव्हता. पण शेर्झरला पैसे दिले ते पुढे मिळणाऱ्या खेळासाठी आणि स्ट्रॅसबर्गला बरेचसे दिले ते होऊन गेलेल्या खेळासाठी, हे मला नाकारता येत नाही.

वर्षं इतकी लांबवतात का, याचं उत्तर बऱ्याच अंशी करात आहे. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीला १२० कोटी रुपयांची कमाल मर्यादा होती. बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही, फक्त एक रेषा आहे. २०२५ साठी ती २४ कोटी १० लाख डॉलर होती. संघाचा एकूण पगार तिच्यावर गेला की वरच्या रकमेवर 'लक्झरी टॅक्स' बसतो, पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. या मोजणीत खेळाडूचा त्या वर्षाचा प्रत्यक्ष पगार धरत नाहीत, करारातली वार्षिक सरासरी धरतात. झँडर बोगर्ट्सला सॅन डिएगोनं डिसेंबर २०२२ मध्ये २८ कोटी दिले ते अकरा वर्षांत विभागून. सात वर्षांत दिले असते तर कराच्या वहीत दरसाल ४ कोटी लागले असते. अकरांत विभागल्यावर लागतात अडीच कोटींहून थोडे जास्त. एकोणचाळिसाव्या वर्षी तो शॉर्टस्टॉपला चपळाईनं वाकेल, असं सॅन डिएगोतही कुणाला वाटत नसावं. शेवटची वर्षं वहीतल्या सोयीसाठी जोडलेली असतात.

याच्या उलट टोकाला न्यूयॉर्क मेट्स. स्टीव्ह कोहेन या अब्जाधीश मालकानं शेर्झरला वर्षाला ४ कोटी ३३ लाख आणि चाळिशीच्या जस्टिन व्हर्लँडरला तेवढेच देऊ केले. २०२३ मध्ये संघ ७५ जिंकला, ८७ हरला. सगळीकडे टिंगल झाली. पण करार तीन आणि दोन वर्षांचे होते, म्हणून हंगामाच्या मध्यात दोघांचेही उरलेले पगार बऱ्याच अंशी स्वतः भरून मेट्सनी टेक्सस आणि ह्यूस्टनकडून तरुण खेळाडू पदरात पाडून घेतले. पैसा गेला, पुढची दहा वर्षं गेली नाहीत. पुहोल्सच्या बाबतीत एंजल्सना असा दरवाजाच नव्हता.

त्याच पुहोल्सचं शेवटचं वर्ष पाहण्यासारखं आहे. २०२२ मध्ये बेचाळीस वर्षांचा हा गडी सेंट लुइसला परतला: एका वर्षाचा करार, २५ लाख डॉलर. त्याच वर्षी नॅशनल लीगमध्येही डेझिग्नेटेड हिटरचा नियम आला होता, म्हणजे क्षेत्ररक्षणाची सक्ती नाही. मॅनेजरनं त्याला निवडून, विशेषतः डावखुऱ्या पिचरांविरुद्ध वापरलं. त्यानं २४ होम रन मारले, २३ सप्टेंबरला डॉजर्सच्या मैदानात सातशेचा टप्पा गाठला आणि संघ प्लेऑफमध्ये गेला. गुडघे तेच, तळपाय तोच. करार वेगळा होता.

माझं मत आता स्पष्टच सांगतो. हंगामात ८५-८८ सामने जिंकणारा, प्लेऑफच्या उंबरठ्यावर अडलेला संघ असेल तर त्यानं तिशी ओलांडलेला मोठा खेळाडू घ्यावा आणि वर्षाच्या आकड्यावर घासाघीस करू नये. शंभरभर सामने हरणाऱ्या संघानं मात्र तिकिटं विकायला मोठं नाव आणू नये. तो खेळाडू संघ उभा राहीपर्यंत म्हातारा झालेला असतो. आणि दोघांनीही चौथ्या वर्षाच्या पुढे सही करण्याआधी एजंटला सरळ विचारावं, शेवटच्या वर्षी हा माणूस माझ्या संघात नेमकं काय करणार आहे? उत्तर मिळालं नाही तर त्याला दुसऱ्या संघाकडे खुशाल जाऊ द्यावं.

मालक आणि खेळाडूंमधला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, आणि आयपीएलसारखी पगाराची कमाल मर्यादा बेसबॉलमध्येही आणावी, असं काही मालकांचं म्हणणं आहे. खेळाडूंची युनियन या मर्यादेला इतकी वर्षं कडाडून विरोध का करत आली, ते पुढच्या लेखांकात.