माध्यमिक शाळेतील इंग्रजीचा अभ्यास

दहावीचा निकाल लागला की बार्शीटाकळी व आसपासच्या खेड्यांतील पालक आम्हास हमखास सांगतात, "साहेब, पोट्टं बाकी विषयांत बराबर हाये, इंग्रजीतच अडकलं." आपल्या समाजातील किती मुलामुलींचे शिक्षण या एका विषयापाशी थांबते, हे वाचकांना सांगावयास नकोच. हा विषय नेमका कोठे अडतो, हे येथे पाहावयाचे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला, तो 'इंग्रजी पहिली' या वर्गात. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. प्राथमिक इयत्ता मराठीतून झाल्यावर मगच इंग्रजीची पहिली सुरू होई, म्हणजे आजची पाचवी. आमच्या पिढीनेही ए, बी, सी, डी पाचवीतच गिरवली. जून २००० पासून मात्र राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज आठवीत बसणारा विद्यार्थी सात वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. तरीही धड्यातील चार ओळी त्याला आपल्या शब्दांत सांगता येत नाहीत. वर्षे वाढली, वाचन वाढले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रामजी सुभेदारांनी बाबासाहेबांकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके घरी पाठ करवून घेतली होती. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, अशी ती पद्धत. पुढे ज्यांनी जगाच्या विद्वानांपुढे इंग्रजीत ग्रंथ ठेवले, त्यांची इंग्रजी मराठीच्या खांद्यावर बसूनच मोठी झाली. तेव्हा मराठी माध्यम हाच अडथळा, असे मानून ऐपत नसताना पोराला बसने अकोल्यास धाडणाऱ्या पालकांनी थोडा विचार करावा.

मराठीच काय, आपली वऱ्हाडी बोलीसुद्धा इंग्रजीला उपयोगी आहे. आपण म्हणतो, "थो रोज वावरात जाते," आणि "थो आता वावरात जाऊन राह्यला." पहिले वाक्य नेहमीच्या सवयीचे, दुसरे या क्षणी चालू असलेल्या क्रियेचे. इंग्रजीत पहिल्यासाठी 'ही गोज', दुसऱ्यासाठी 'ही इज गोइंग'. साधा वर्तमानकाळ व चालू वर्तमानकाळ यांतला फरक, ज्यावर गुण जातात, तो आपल्या मुलांच्या जिभेवर आधीपासूनच आहे. पण शाळेत बोलीला अशुद्ध ठरविले की ही शिदोरी दाराबाहेरच राहते.

अडचणी आहेत, त्या दुसरीकडे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला लागूनच येते. आपण 'टेबलावर' म्हणतो, तेथे इंग्रजीत 'वर' आधी आणि टेबल नंतर. 'ए' आणि 'द' यांचे कोडेही मुलांना सुटत नाही. आजीच्या गोष्टीत "एक राजा होता" आणि पुढे "तो राजा म्हणाला" असे येते. पहिल्या ठिकाणी 'ए', दुसऱ्या ठिकाणी 'द'. 'द'चे सर्वच उपयोग यात येत नाहीत, पण सुरुवातीला एवढे पुरे.

आता साहित्याकडे वळू. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इंग्रजी कुमारभारतीत रस्किन बाँड यांची 'द बॉय हू ब्रोक द बँक' ही कथा आहे. आम्ही पडलो बँकेतले, त्यामुळे ती आम्हास विशेष भावली! झाडूवाल्या नाथूचा पगार थकलेला असतो. ही साधी गोष्ट तोंडोतोंडी फिरत फिरत शेवटी बँकच बुडाल्याची बातमी होते. गाईडमध्ये या कथेची प्रश्नोत्तरे तयार मिळतात आणि मुले तीच पाठ करतात. परंतु नाथूचे वाक्य कोणाच्या तोंडी कसे बदलले, आणि एवढ्या गदारोळात त्याच्या पगाराची विचारपूस कोणी केली का, हे शोधायला धडाच वाचावा लागतो. असे शोधत वाचणाऱ्याला शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत. कवितेचे तेच. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला पाच गुण आणि भाषांतरालाही पाच गुण ठेवलेले आहेत. पैकी भाषांतराकडे मुले फारसे लक्षच देत नाहीत.

गाईडचा खरा तोटा दहावीनंतर कळतो. सरकारी बँकांतील लिपिकपदाच्या आयबीपीएस पूर्वपरीक्षेत शंभरपैकी तीस प्रश्न इंग्रजीचे असतात आणि त्यांना वेळ फक्त वीस मिनिटे. तेथे येणारा उतारा मुलाने पूर्वी पाहिलेला नसतो. आठवीपासून रोज अर्धे पान स्वतः वाचलेला मुलगा येथे टिकतो. ज्याने उत्तरेच पाठ केली, तो पहिल्याच पायरीवर थांबतो, मग त्याचे गणित कितीही चांगले असो.

ज्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांनाही लक्ष देता येते. मुलाला अर्धे पान मोठ्याने वाचायला लावावे आणि काय वाचले ते वऱ्हाडीत सांग म्हणावे. तो अडखळला तर समजावे की वाचले, पण कळले नाही. रोज पाच वाक्यांचे मराठीत भाषांतर वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्याच वाक्यांचे पुन्हा इंग्रजी करावे. चुका आपोआप दिसतात, तपासायला मास्तर लागत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावरून सर्व इयत्तांची पुस्तके मोबाईलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. दहावीच्या विद्यार्थ्याला दहावीचे पुस्तक जड जात असेल, तर त्याने खुशाल सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. दिवाळीपर्यंत सहावी-सातवीची दोन पुस्तके वाचून होतात, आणि पुढचे तीन-चार महिने दहावीच्या पुस्तकाला उरतात.